नाव बदलणाऱ्या फायली आणि कुमारी स्नेहा

भाईंदर पूर्वेला सरकारी भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये मी काही वर्षं 'आयटी हेड' होतो. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि त्या प्रिंटरला लाथ मारायची परवानगी, एवढा माझा स्टाफ. क्लासचं नाव सांगत नाही. गरुड, गगन, शिखर, भरारी यांतले कुठलेही दोन शब्द घ्या, जवळपास पोचाल. मालकांना सगळे धुमाळ सर म्हणत. सर स्वतः एकाही भरतीत लागले नव्हते, त्यामुळे त्यांचा अनुभव दांडगा होता.

असल्या क्लासमध्ये शिकवणं दुय्यम असतं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. खरी चढाओढ असते ती आधी कोण कळवतं याची. एखादं खातं भरती काढतं म्हणजे काय करतं, तर आपल्या वेबसाइटवर एक फाईल चढवतं. मग त्या जाहिरातीचं शुद्धिपत्रक येतं, मग वेळापत्रक, मग वेळापत्रकाचं शुद्धिपत्रक, आणि निकालानंतर 'सुधारित' निकाल. ही फाईल आमच्या मोबाईलवरच्या चॅनेलवर आधी आली की मुलं आमची. मीरा रोडच्या क्लासच्या चॅनेलवर आधी आली की मुलं त्यांची. सर दिवसभर हातात मोबाईल धरून शत्रूचं चॅनेल बघत बसायचे. त्यातून वेळ मिळाला तर गणित शिकवायचे.

फायलींची नावं हा त्यातला खरा वैताग. आज 'जाहिरात' नावाची फाईल असते, उद्या तीच 'जाहिरात फायनल' होते, परवा 'फायनल नवीन', आणि आठवडाभराने 'फायनल नवीन हीच घ्यावी'. एक खातं फक्त 'स्कॅन' आणि पुढे आकडा, असं नाव ठेवायचं. दुसऱ्या एका खात्याने लिपिकांच्या निवडयादीला 'पूजाचं लग्न मेनू' असं नाव दिलं होतं. तिथल्या कोणी तरी घरच्या फाईलवरच यादी चढवली असणार. आत उमेदवारांची नावं बरोबर होती, शेवटच्या पानावर मात्र बासुंदी राहून गेली होती.

मी यायच्या आधीपासून हे काम वंदनाताई करायच्या. मूळच्या महाडकडच्या, नवरा रिक्षा चालवायचा, राहायला नवघर रोडला. सकाळी आल्या की पदर खोचून एकेक खात्याचं पान उघडायच्या, नवीन काय आलं ते उतरवून घ्यायच्या आणि प्रत्येक फाईल पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचायच्या. तरुणपणी त्यांनी स्वतः अंगणवाडी पर्यवेक्षिकेची परीक्षा द्यायची ठरवली होती, पण अर्जाची मुदत संपल्यावर जाहिरात हातात पडली. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या, तेसुद्धा भाजी निवडताना बोलावं तसं. पण त्या फाईल वाचायच्या तेव्हा कोणी हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत.

त्यांना वेळ लागायचा, हे खरं. सरांना वेळ चालत नव्हता. मीरा रोडवाल्यांनी एक निकाल आमच्या आधी टाकला, त्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की हे सगळं आपोआप झालं पाहिजे. आपोआप हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायचे.

मी व्हिडिओ बघून बघून शिकलो आणि प्रोग्राम लिहिला. पहिला प्रोग्राम भोळा होता. आजची तारीख घेऊन तो नावाचा अंदाज बांधायचा आणि त्या नावाची फाईल मागायचा. तारीख कधी उलटी, कधी सुलटी, कधी महिन्याचं स्पेलिंग चुकलेलं, त्यामुळे हा रोज हात हलवत परत. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की नावाच्या मागे लागायचंच कशाला? पाहुणा कुठलंही नाव सांगो, येणार तो दारातूनच. म्हणून दुसऱ्या प्रोग्रामला मी दारात बसवला. तो भरतीचं पान दर थोड्या वेळाने उघडायचा, तिथे काल नव्हती अशी कुठलीही फाईल दिसली की उचलायचा, तिला आमचं नाव द्यायचा आणि सरळ चॅनेलवर टाकायचा. सांगायला लाज कशाला, मला त्याचा अभिमान वाटला होता. पहिल्याच आठवड्यात आम्ही मीरा रोडला तीनदा हरवलं. सरांनी स्टाफला ढोकळा खाऊ घातला.

प्रोग्राम फाईल उचलायचा, पण आत काय आहे ते त्याला कळायचं नाही. एका खात्याने भरतीच्या पानावरच पडदे खरेदीची निविदा लावली, तीही त्याने इमानेइतबारे चॅनेलवर टाकली. एका मुलाने खाली विचारलं, सर, पडद्यांसाठी वयाची अट किती? दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं की राखीव प्रवर्गाला पाच वर्षं सूट आहे. सर म्हणाले, चालतं, चॅनेल हलतं राहिलं पाहिजे.

त्याच महिन्याच्या शेवटी सरांनी वंदनाताईंना केबिनमध्ये बोलावलं आणि मलाही शेजारी बसवलं. आता यंत्र आलंय, तुमची दगदग वाचली, असं काहीसं ते बोलले. एखाद्याला नोकरीवरून काढताना त्याचीच काळजी वाहायची कला सरांना चांगली अवगत होती. वंदनाताईंनी सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी जाताना माझ्या टेबलापाशी थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "सकपाळ, तुमचं मशीन वाचतं का हो?"

मी म्हटलं, वाचत नाही, फक्त आणतं.

"मग कुरिअरवाला ठेवलात म्हणा की," असं म्हणून त्यांनी डबा उचलला आणि जिना उतरल्या.

काही दिवसांनी कळलं की ताईंनी घरबसल्या स्वतःचा ग्रुप सुरू केलाय. आधी शेजारच्या पोरी होत्या, मग त्यांच्या मैत्रिणी, मग आमच्याच क्लासच्या मुली. ताई फाईल टाकायच्या आणि सोबत स्वतःच्या आवाजात सांगायच्या की पोरींनो, पान चार बघा, फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचाच हवाय, मागच्या वेळचा चालणार नाही. फायलींची नावंही त्या स्वतः द्यायच्या, 'फॉर्मची मुदत वाढली' किंवा 'हे वाचल्याशिवाय झोपू नका' अशी. सर हसले. म्हणाले, स्वयंपाकघरातून कधी क्लास चालतो का?

मग मैदानी चाचणीचं प्रकरण घडलं. एका खात्याच्या भरतीत आमच्या क्लासची बरीच मुलं लेखी पास झाली होती आणि धावण्याच्या चाचणीचं वेळापत्रक आमच्या प्रोग्रामने वेळेवर आणलं होतं. चाचणीच्या दोन दिवस आधी खात्याने मैदान बदललं. त्यांनी काय केलं, तर जुनी फाईल काढली आणि नवी फाईल त्याच जागी त्याच नावाने ठेवली. आयुष्यभर नावं बदलून आमचा जीव खाणाऱ्यांनी नेमकं त्या दिवशी नाव बदललं नाही. माझा प्रोग्राम दारात बसलेला. त्याने पाहिलं, हे नाव ओळखीचं आहे, हा पाहुणा आधीच आत आलाय. आणि तो स्वस्थ बसला.

आमची मुलं पहाटे जुन्या मैदानावर पोचली तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि आत एक कुत्रा झोपला होता. नवं मैदान पार कल्याणच्या पलीकडे. काही जण रिक्षा, टॅक्सी करून कसेबसे पोचले. काहींची तुकडी धावून झाली होती, त्यांना गैरहजर लावलं. राई गावची प्रणाली म्हणून एक मुलगी होती, ती तेवढी वेळेवर धावली, कारण ती ताईंच्या ग्रुपमध्ये होती. तिने आदल्या संध्याकाळी आमच्या मुलांना फोन केले होते. पण सरांनी सगळ्यांना बजावलं होतं की बाहेरच्या अफवांवर विश्वास ठेवू नका, अधिकृत माहिती फक्त आपल्या चॅनेलवर.

दुसऱ्या दिवशी राईहून रोहितचे वडील आले. रोहित गैरहजर लागलेल्यांतला. त्यांची खाडीकडे थोडी जमीन उरली होती, तिथल्या बांधावर पोरगा रोज पहाटे धावायचा. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तांत्रिक अडचण हा शब्द पुन्हा पुन्हा वापरला. मशीनकडून राहून गेलं म्हणाले. रोहितच्या वडिलांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सायेब, मशीन तुमचीच हाय ना? मंग आता ग्राउंडवं तिलाच पलवा."

प्रोग्राम त्याच दुपारी मी सुधारला. नाव तेच असलं तरी फाईलचं वजन आणि तारीख बदलली का, हेही तो बघायला लागला. दहा ओळींचं काम होतं. रोहितला त्या दहा ओळींचा काही उपयोग नव्हता.

यातून कोणीही हा धडा घेतला असता की फाईल वाचायला एक माणूस हवा. सरांनी वेगळा धडा घेतला. वंदनाताईंची माहिती बिनचूक असते, तर आपण तीच घ्यायची. मी म्हटलं, सर, आपण त्यांना काढलंय. सर म्हणाले, "ती शिकली कुठे? इथेच ना? मग तिची माहिती आपलीच झाली."

मग सरांनी एक नवं सिमकार्ड आणलं आणि त्या नंबरने आम्ही ताईंच्या ग्रुपमध्ये 'स्नेहा' म्हणून शिरलो. त्या नंबरवर येणारी प्रत्येक फाईल कॉम्प्युटरवर आपोआप उतरायची आणि तिथून प्रोग्राम ती आमच्या चॅनेलवर टाकायचा. मी आमचं नाव देऊन टाकूया म्हणत होतो, पण सरांना ताईंची नावं आवडली होती. मुलांना अशी सरळ नावं पटकन कळतात, तिच्या नावांना हात लावायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. म्हणजे चोरीचा मालही वेष्टनासकट.

अडचण एकच आली. ताई नव्या मुलीची विचारपूस करायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी स्नेहाला विचारलं, बाळा, कुठे राहतेस, कशाची तयारी करतेस? तो मोबाईल माझ्या ड्रॉवरमध्ये. वय वर्षं चोपन्न, ओठांवर भरघोस मिशी, आणि मी लिहिलं, 'भाईंदर पश्चिम. वनरक्षक. कृपया नोंद घ्यावी.' मग त्यांनी विचारलं, धावायला किती वेळ लागतो? मला स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबावं लागतं. मी लिहिलं, दम लागतो. त्यावर ताईंनी पाच मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. सकाळी उठून काय खायचं, नाचणीची भाकरी सोसते का बघ, खिशात शेंगदाणे-गूळ ठेव, महागाचे बूट घेऊ नकोस पण घट्ट घे, पाळीच्या दिवसांत स्वतःला ओढू नकोस. मी ते ऐकलं आणि मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवून खिडकीतून समोरची स्टीलच्या भांड्यांची दुकानं बघत बसलो. शेंगदाणे-गूळ मात्र त्या दिवसापासून सुरू केला. बायकोने विचारलं, तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं.

असं काही आठवडे चाललं. ताई 'पोरी, कशी आहेस' म्हणून विचारायच्या, स्नेहा 'प्रगती आहे, कृपया नोंद घ्यावी' असं कळवायची, आणि ताईंच्या फायली मिनिटाच्या आत आमच्या चॅनेलवर झळकायच्या. मीरा रोडवाले हैराण झाले. सरांनी स्वतःसाठी फिरती खुर्ची घेतली.

एका दुपारी सर मोठ्या वर्गात नफा-तोटा शिकवत होते. मी मागे प्रोजेक्टरची वायर धरून उभा होतो, कारण ती धरल्याशिवाय चित्र दिसायचं नाही. अचानक सगळ्या वर्गाचे मोबाईल एकदम वाजले. चॅनेलवर नवी फाईल आली होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने मोबाईल पाहिला आणि ओढणी तोंडाशी नेली. मग मागचा बाक हसला, मग भिंतीकडेचा, आणि मग सगळा वर्ग. सरांनी खिशातून स्वतःचा मोबाईल काढला. फाईलचं नाव होतं, 'स्नेहाबाई मिशी काढा आणि ही फाईल धुमाळ सरांना द्या – वंदना'.

सर मला ओढतच केबिनमध्ये घेऊन गेले. ते काय काय बोलले, ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. त्यांचं म्हणणं, फाईल ताबडतोब उडवा. मी कॉम्प्युटरवर बसलो आणि उडवण्याआधी ती उघडली. त्या दिवशी का कोण जाणे, वाचावीशी वाटली. आत एक पानाचं खरंखुरं पत्रक होतं. ऐन वेळी मैदान बदलल्यामुळे गैरहजर राहिलेल्या उमेदवारांना खात्याने आणखी एक संधी दिली होती. चाचणी येत्या शनिवारी, नव्या मैदानावर. खात्याने हे पत्रक भरतीच्या पानावर टाकलंच नव्हतं. ते छायाचित्रांच्या दालनात, झेंडावंदनाच्या फोटोंखाली चिकटवलं होतं. माझा प्रोग्राम त्या दाराला कधी गेलाच नव्हता.

मी सरांना म्हटलं, ही उडवली तर रोहित आणि बाकीची मुलं शनिवारी पोचणार नाहीत. सर म्हणाले, मग नाव बदलून टाका. ते एका मिनिटाचं काम होतं, आणि खरं तर मी आयुष्यभर तेच करत आलो होतो. पण मी माऊस सोडून दिला. मी म्हटलं, "सर, तिच्या नावांना हात लावायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंय."

मी उठलो आणि खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. सरांना ते काम येत नव्हतं. माऊस हातात धरून ते थोडा वेळ बसले, मग त्यांनी तो ठेवून दिला. तोपर्यंत त्या नावाचे फोटो मीरा रोडला पोचले होते आणि मीरा रोडच्या क्लासने आयुष्यात पहिल्यांदा आमची फाईल नावासकट पुढे पाठवली होती.

संध्याकाळी मी ताईंकडे गेलो. जिना चढताना काय बोलायचं ते जुळवत होतो. दार उघडताच त्यांनी आधी माझ्या मिशीकडे पाहिलं आणि मग आत घेतलं. मी विचारलं, कधी कळलं? त्या म्हणाल्या, पहिल्याच दिवशी. "अठरा वर्षांची कुठली पोरगी 'कृपया नोंद घ्यावी' लिहिते हो? पाच वर्षं तुमच्या शेजारी बसलेय मी."

मग मला राहवेना. मी विचारलं, तरी ते नाचणीचं, बुटांचं एवढं सगळं सांगत बसलात? त्या म्हणाल्या की ग्रुपमध्ये नवीन मुली बऱ्याच होत्या, ते निरोप त्या सगळ्यांनाच पाठवत होत्या. तुमच्यासाठी वेगळे कष्ट घ्यायला मला वेळ नव्हता, असंही वर म्हणाल्या. ती शेवटची फाईल मात्र त्यांनी एकट्या स्नेहाला पाठवली होती. गैरहजर राहिलेली मुलं सगळी आमच्या चॅनेलवर होती. ताईंकडे त्यांचे नंबर नव्हते, प्रणालीकडे काहींचेच होते, आणि सरांच्या हुकमामुळे ती बाहेरच्या कोणाचं ऐकणारही नव्हती. त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता एकच होता. "तुमच्या मशीनवर माझा पुरता भरवसा होता," ताई म्हणाल्या. "ते वाचणार नाही, हे मला माहीत होतं." एवढं बोलून त्यांनी चहा टाकला. साखर विचारली नाही. ती त्यांना पाठ होती.

शनिवारी सगळी मुलं नव्या मैदानावर पोचली. रोहित धावला, चांगला धावला, पण शेवटच्या यादीत थोडक्यात राहिला. आता तो पुढच्या भरतीची तयारी करतोय. त्याच्या वडिलांनी ताईंच्या घरी खाडीतली कोळंबी नेऊन दिली. मला वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, पोर पडला त्याचा काय न्हाय, धावून पडला. प्रणाली लागली. पेढे घेऊन ती पहिल्यांदा ताईंकडे गेली, मग सगळ्यांत शेवटी क्लासमध्ये आली आणि उरलेला चुरा ठेवून गेली.

महिनाअखेरीला मी क्लास सोडला. सरांनी अडवलं नाही, फक्त प्रोग्राम इथेच राहील असं बजावलं. राहू दे म्हटलं. हल्ली मी आठवड्यातून काही दिवस ताईंकडे बसतो. नवा प्रोग्राम लिहिलाय, तो आता झेंडावंदनाचे फोटोही तपासतो. फायली मी आणतो, वाचतात त्या. माझं वाचून झालं तरी त्या पुन्हा वाचतात. त्यावरून आमचं थोडं वाजतंही. नवीन पोरी मला सकपाळकाका म्हणतात, जुन्या स्नेहाताई म्हणतात.

निकाल लागल्यावर धुमाळ सरांचा मला एकदा फोन आला होता. नाक्यावर मोठा बोर्ड लावायचाय, प्रणालीचा फोटो कुठून तरी डाउनलोड करून द्या म्हणाले. मी म्हटलं, तिलाच विचारतो. प्रणालीने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, लावा की काका, पण शेजारी वंदनाताईंचा फोटो पण लावायला सांगा, तेवढाच मोठा. मी तसं सरांना कळवलं. त्यांनी फोन ठेवला.

बोर्ड तरीही लागला. खाकी वर्दीतली एक मुलगी दात दाखवून हसतेय आणि खाली लिहिलंय, 'आमची विद्यार्थिनी, आमचा अभिमान'. ती मुलगी कोण, हे अख्ख्या भाईंदरमध्ये कोणाला माहीत नाही. राईच्या बायका बाजाराला येताना रिक्षातून वाकून बघतात आणि ही कोणाची म्हणून एकमेकींना विचारतात. वर्दीवरचा बिल्ला तर आपल्या देशातलाही नाही. मी गेल्यावर क्लासमध्ये नवा आयटी हेड आलेला नव्हता. त्यामुळे हा फोटो कोणी उतरवला, याची चौकशी करायची गरज पडली नाही. सरांनी स्वतःच्या हाताने उतरवलेली ती पहिली फाईल होती.